महाप्रदर्शनातील कळसदर्शन

आषाढीला पंढरपुरात पोहोचलेल्या वारकऱ्यापुढे दर्शनाचे तीन मार्ग असतात. ज्याच्यापाशी वेळ आहे आणि ज्याच्या पायांत इतक्या चालीनंतरही बळ उरले आहे, तो पददर्शनाच्या रांगेत उभा राहतो व नामस्मरणाच्या आधारावर तेथे तासन्‌तास काढतो. ज्याला तितकी सवड नाही तो मुखदर्शनाच्या रांगेतून, लांबूनच का होईना, विठोबाचे मुख पाहून परततो. आणि ज्याला तेही साधत नाही तो चंद्रभागेत स्नान करून, नामदेव पायरीपाशी माथा टेकवून, शिखराकडे पाहून हात जोडतो, व कळसाचे दर्शन झाले म्हणजे वारी पोहोचली असे मानून समाधानाने घरची वाट धरतो. गेली पावणेदोनशे वर्षे पृथ्वीच्या निरनिराळ्या नगरांत भरत आलेल्या जागतिक प्रदर्शनांची हकीकत वाचताना मला या तीन मार्गांची वारंवार आठवण होते. त्या हकीकतींत राजेरजवाड्यांची, यंत्रांची आणि लोखंडी मनोऱ्यांची वर्णने भरपूर आहेत. पण दारात तिकीट काढून आत शिरलेल्या, खांद्यावर मूल आणि हातात डबा घेतलेल्या सामान्य माणसाची जी खरी अडचण, म्हणजे एवढ्या पसाऱ्यातून पाहावे काय आणि सोडावे काय, तिचा उल्लेख बहुधा जाता जाता येतो. वास्तविक या प्रदर्शनांचा खरा इतिहास तोच आहे असे माझे मत आहे.

लंडनच्या हाइड पार्कात १ मे १८५१ रोजी जे पहिले मोठे प्रदर्शन उघडले त्यात दालने निवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जोसेफ पॅक्स्टन याने लोखंड व काच यांतून उभारलेला स्फटिकप्रासाद ही एकच इमारत होती आणि साऱ्या जगाचा माल त्या एका छपराखाली मांडलेला होता: पश्चिमेच्या अर्ध्या भागात ब्रिटन व त्याच्या ताब्यातील मुलूख, पूर्वेच्या अर्ध्या भागात इतर राष्ट्रे. निवड करावयाची ती जागेची नव्हे, वाराची. सोमवार ते गुरुवार एक शिलिंग, शुक्रवारी अडीच, शनिवारी पाच, असा शिरस्ता मे महिन्याच्या अखेरीस पडला, आणि ज्याने वार निवडला त्याने आपली सोबतही निवडली. गिरणीतल्या कामगारांचा आणि खेड्यांतून खास आगगाड्यांनी आलेल्या कुळांचा शेजार ज्यांना नकोसा होता, त्यांच्यासाठी शनिवार राखलेलाच होता. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोक येऊन गेले. त्यांतल्या पुष्कळांचे पाय आधी वळत ते कोहिनुराकडे, जो आदल्याच वर्षी मुंबई बंदरातून ‘मीडिया’ नावाच्या जहाजाने इंग्लंडला रवाना झाला होता. लोखंडी पिंजऱ्यासारख्या पेटीत ठेवलेला तो हिरा पाहून लोकांची निराशा झाली. तो चमकेच ना. म्हणून त्याच्याभोवती गॅसचे दिवे लावून पाहिले, तरीही त्याचे तेज पडेना. आणि अखेर पुढल्या वर्षी त्याला नव्याने पैलू पाडण्यात येऊन १८६ कॅरटांचा तो खडा १०५ कॅरटांवर आला. प्रेक्षकांच्या नापसंतीने इतिहासप्रसिद्ध रत्नाचे वजन घटावे, असा दाखला मला तरी दुसरा ठाऊक नाही. हिंदुस्थानच्या विभागात याखेरीज हत्तीवरची एक राजेशाही अंबारी होती. अंबारी अस्सल होती, परंतु ती ज्याच्या पाठीवर चढवली तो पेंढा भरलेला हत्ती मात्र एसेक्स परगण्यातल्या एका संग्रहालयाकडून उसना आणलेला होता.

या प्रदर्शनाचे एक शेपूट मुंबईपर्यंत आले, व ते सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी आणि त्यानंतर १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून जे जिन्नस जमवले गेले त्यांचे जोड आपल्याकडेही राखून ठेवावेत, अशा विचारातून फोर्टातील टाउन बराकीत एक सरकारी संग्रहालय उभे राहिले. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला बराक हवी झाली, आणि तो सारा संग्रह अक्षरशः बाहेर काढला गेला व त्याची नासाडी झाली. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी तो नव्याने जमवण्यास घेतला, जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शहरातील धनिकांना हाताशी धरून वर्गणी उभारली, १८६२ मध्ये पायाभरणी झाली, आणि २ मे १८७२ रोजी भायखळ्याला, आपण ज्याला राणीचा बाग म्हणतो तेथे, ते लोकांस खुले झाले. आज त्याला भाऊ दाजींचेच नाव आहे. म्हणजे लंडन-पॅरिसला जाऊन काय पाहावे हा प्रश्न ज्यांना स्वप्नातही पडणार नव्हता, अशा गिरगाव-परळच्या माणसांपुढे त्या महाप्रदर्शनांच्या पंक्तीतले उरलेसुरले पान वाढले गेले.

निवडीची खरी पंचाईत सुरू झाली ती १८६७ च्या पॅरिसपासून. तिसऱ्या नेपोलियनच्या त्या प्रदर्शनाचा मुख्य सूत्रधार फ्रेडरिक ल प्ले हा समाजशास्त्रज्ञ होता, व जगातील सर्व उद्योगांची शास्त्रशुद्ध वर्गवारी एका वास्तूच्या नकाशातच उमटवावी, अशी त्याची विलक्षण कल्पना. त्याप्रमाणे शाँ द मार्सच्या कवायतीच्या मैदानावर सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची एक लंबवर्तुळाकार इमारत उभी राहिली. कांदा आडवा कापला असता पापुद्र्यांच्या जशा चकत्या दिसतात, तशी एकात एक बसलेली तिची दालने होती: सर्वांत बाहेरच्या प्रचंड दालनात यंत्रे, त्याच्या आत कच्चा माल, मग कापडचोपड, मग सामानसुमान, आणि आत आत जाता जाता ललितकला, अगदी मध्यभागी बाग, व त्या बागेत जगभरची वजने, मापे व नाणी ठेवलेला एक छोटा मंडप. याच कांद्याला देशोदेशींच्या वाट्याने मध्यापासून कडेपर्यंत उभे काप दिलेले. परिणामी प्रेक्षकापुढे दोनच मार्ग उरत, आणि दोन्ही तर्काला धरून. तो वर्तुळातून फिरला तर एकाच प्रकारचा जिन्नस, समजा चिनी मातीची भांडी, एकामागून एक सर्व राष्ट्रांचा पाहून तुलना करू शके. आणि तो परिघावरून मध्याकडे सरळ चालत गेला तर एकाच राष्ट्राचे सर्व जिन्नस त्याला दिसत. प्रदक्षिणा घालावी की गाभाऱ्याकडे जावे, एवढेच ठरवायचे. एदू नावाच्या अभियंत्याने बसवलेल्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पाळण्यातून छपरावर जाता येई व तेथून ही सारी रचना नजरेखाली घालता येई. निवडीचे काम इतक्या नेटक्या भूमितीने सोपे करून देण्याचा प्रयत्न त्यानंतर क्वचितच कोणी केला.

आणि तो फसला. फसला तो इमारतीच्या दोषाने नव्हे, तर भोवतालच्या बागेमुळे. मुख्य वास्तूत जे मावले नाही, किंवा वर्गवारीत ज्याला घर सापडले नाही, त्यासाठी बाहेरच्या मोकळ्या जागेत ज्याने त्याने आपापले मंडप घालावेत अशी मुभा मिळाली होती, आणि बघता बघता तेथे शंभरेक लहानमोठ्या इमारती उठल्या: मारियेत या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली बांधलेले इजिप्तचे देऊळ, ट्युनिसच्या ‘बे’चा, म्हणजे तेथील राज्यकर्त्याचा, वाडा, तुर्कांची मशीद व हमामखाना, आणि जेथे तीन जपानी स्त्रिया चहा करीत बसत ते लाकडी घर. ल प्लेच्या चिनी मातीच्या भांड्यांची तुलना करण्यास पंडित गेले असतील. लोक बागेत गेले. तेथे वास होता, वाद्ये होती, हुक्का आणि कॉफी होती. पाश्चात्त्य ज्याला पॅव्हिलियन म्हणतात व आपण कधी दालन तर कधी मंडप म्हणतो, ते राष्ट्राराष्ट्रांचे स्वतंत्र बिऱ्हाड प्रदर्शनाच्या व्यवहारात शिरले ते या परसदारातून. एकदा ते शिरल्यावर पुढे हळूहळू मुख्य इमारतीचा मान कमी आणि परसदार मोठे होत गेले, आणि प्रेक्षकाच्या हातात भूमितीऐवजी एक नकाशा व दुखरे पाय तेवढे राहिले.

या पायांची कहाणी थोडक्यात सांगतो. १८९३ साली शिकागोस कोलंबियन प्रदर्शन भरले तेव्हा क्षेत्र सहाशे एकरांवर गेले होते, इमारती दोनशेच्या घरात. तेव्हा रँड मॅकनॅली या नकाशे छापणाऱ्या कंपनीने ‘प्रदर्शनातील एक आठवडा’ अशा अर्थाच्या नावाचे मार्गदर्शक पुस्तकच काढले, आणि ज्यांना पुस्तकानेही भागेना त्यांच्यासाठी चाकांच्या खुर्च्या भाड्याने मिळू लागल्या, ज्या ढकलण्यास कॉलेजातील विद्यार्थी ठेवले होते. १९०० साली पॅरिसने त्याही पुढे मजल मारली. जमिनीपासून उंचावर एक सरकता लाकडी पदपथ बांधण्यात आला, त्याचा एक पट्टा मंदगती व दुसरा त्याच्या दुप्पट वेगाचा. पाऊल आधी सावकाश पट्ट्यावर टाकायचे, खांब धरून तोल सावरायचा, मग पलीकडच्या पट्ट्यावर जायचे. तिकडे सीन नदीच्या काठाला राष्ट्रांची रांगच रांग उभी होती, एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत. सुमारे पाच कोटी लोकांनी हे पाहिले, व त्यांत आपले स्वामी विवेकानंद आणि जगदीशचंद्र बसू हेही होते, जरी ते दोघे आले होते ते प्रदर्शनाला जोडून भरलेल्या परिषदांसाठी, एक धर्मेतिहासाच्या आणि दुसरे पदार्थविज्ञानाच्या. प्रदर्शन पाहण्यापेक्षा प्रदर्शनाच्या निमित्ताने जमलेली माणसे गाठावीत, ही निवडही काही वावगी नव्हे.

परंतु जाणत्यांची निवड आणि काळाची निवड यांचा मेळ फारसा बसत नाही, याचा एक नमुना त्याआधीच अमेरिकेत घडून गेला होता, आणि तो जरा निवांतपणे पाहण्याजोगा आहे. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट उद्यानात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले होते. तेथील लोकांची पहिली पसंती कॉर्लिसच्या अजस्र वाफेच्या यंत्राला होती, आणि ती साहजिकही होती, कारण यंत्रदालनातील बाकीच्या यंत्रांना शक्ती पुरवणारा तोच एक महाबाहू होता. मुक्याबहिऱ्यांना शिकवणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल नावाच्या तरुण शिक्षकाला मात्र जागा मिळाली होती ती शिक्षणविभागात, एका कोपऱ्यातल्या टेबलावर. २५ जून हा रविवार, प्रदर्शन लोकांस बंद, असह्य उकाडा, आणि पारितोषिके ठरवणारी पंचमंडळी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाता जाता इतकी थकलेली की आता पुरे, असा त्यांचा सूर लागला होता. बेलचे टेबल राहिलेच असते. पण पंचांसोबत हिंडणाऱ्या ब्राझीलच्या सम्राटाने, दुसऱ्या पेद्रोने, त्या तरुणाला ओळखले. बोस्टनमधील बहिऱ्यांच्या शिक्षणासंबंधी त्यांची पूर्वी गाठ पडली होती. सम्राट थांबले म्हणून पंच थांबले, पंच थांबले म्हणून त्यांनी बेलच्या यंत्राची नळी कानाला लावली, आणि तारेवरून माणसाचा आवाज आलेला ऐकून मग कोणालाच उकाड्याची आठवण राहिली नाही. जुन्या ओळखीचा उपयोग झाला नसता तर दूरध्वनीची दखल त्या दिवशी तरी घेतली गेली नसती. कॉर्लिसचे यंत्र आता कोणाच्या स्मरणात आहे?

दुसरा नमुना याहून करुण आहे. १९३७ साली पॅरिसमध्येच पुन्हा प्रदर्शन भरले, आणि त्यात आयफेल मनोऱ्यासमोर नदीपलीकडे जर्मनीचा गरुड बसवलेला उंच स्तंभ आणि सोव्हिएत रशियाचे विळा-हातोडा उंचावलेले कामगार-किसानांचे पोलादी युगुल एकमेकांसमोर ठाकले होते. या दोघांपैकी कोणाच्या दालनात आधी जावे हा केवळ सवडीचा प्रश्न नव्हता. प्रेक्षकाचा राजकीय कल त्याच्या पावलांनी जाहीर होत असे. तेथून जवळच यादवी युद्धात होरपळलेल्या स्पेनच्या प्रजासत्ताकाचा साधासा मंडप होता, तोही दीड-दोन महिने उशिरा उघडलेला, आणि त्याच्या तळमजल्यावर पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र लावले होते. दोन्ही महाकाय दालनांना सुवर्णपदके मिळाली. त्यांची छायाचित्रे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत अजून छापली जातात, ती पुढे काय घडले हे सांगण्यासाठी. गेर्निका मात्र माद्रिदमध्ये आजही लोक उभे राहून पाहतात.

रांग हा या इतिहासातला शेवटचा व सर्वांत बलवान अधिकारी. १९३९ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात जनरल मोटर्सच्या दालनात सरकत्या खुर्च्यांतून १९६० सालचे भावी जग दाखवीत, आणि बाहेर पडताना ‘मी भविष्य पाहिले आहे’ अशा अर्थाचा बिल्ला मिळे; एवढ्या बिल्ल्यासाठी माणसे तासन्‌तास उभी राहत. १९६४ मध्ये त्याच शहरी व्हॅटिकनने मायकेल अँजेलोची ‘पिएता’ ही मूर्ती आणली, तेव्हा गर्दीच्या बंदोबस्तासाठी तिच्यासमोरून सरकते पट्टे बसवण्यात आले व त्यांवर उभे राहून भाविक एक क्षणही न रेंगाळता पुढे नेले गेले. मुखदर्शनाच्या रांगेला यंत्र जोडले म्हणजे असेच काही तरी होणार.

पण रांगेचे खरे महापर्व म्हणजे ओसाकाचे १९७० चे प्रदर्शन. सेन्री टेकड्यांवरच्या ३३० हेक्टर जागेत १५ मार्च ते १३ सप्टेंबर अशा १८३ दिवसांत ६,४२,१८,७७० प्रवेश नोंदले गेले, जेव्हा जपानची लोकसंख्याच दहा कोटींच्या थोडी वर होती. ५ सप्टेंबर या एका दिवशी ८,३५,८३२ लोक आत शिरले, आणि परतीच्या आगगाड्या अपुऱ्या पडून काही हजार जणांना रात्र मैदानातच काढावी लागली. प्रदर्शनाचे घोषवाक्य होते ‘मानवजातीची प्रगती आणि सुसंवाद’. जपानी भाषेतील उच्चारसाम्याचा फायदा घेऊन लोकांनी त्याचे ‘मानवजातीची सहनशीलता आणि लांबच लांब रांगा’ असे करून टाकले. असा विनोद ज्या जनतेला सुचतो ती उन्हात उभी राहूनही खिन्न झालेली नसते, हे लक्षात घेतले पाहिजे.

सगळ्यांत लांब रांग होती अमेरिकेच्या दालनापुढे, कारण आत अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी आणलेला चंद्रावरचा दगड होता. दारे उघडताच लोक धावत सुटत. उशिरा येणारा तीन-चार तासांच्या खाली आत पोहोचत नसे, आणि मग काचेमागच्या त्या करड्या दगडापुढे त्याला फार तर काही क्षण मिळत. बारकाईने पाहणाऱ्याला एक गोष्ट तेव्हाही समजली असती: जपान सरकारच्या दालनातसुद्धा चंद्रावरचा एक दगड होता, आकाराने लहान, पण अमेरिकेच्या अध्यक्षांनी भेट म्हणून दिलेला, अपोलो ११ च्या म्हणजे पहिल्याच पदार्पणाच्या मोहिमेतला. तेथे तितकी गर्दी नव्हती. नकाशावर ज्याचे नाव ठळक ते पाहावे, हा प्रेक्षकाचा नियम चंद्राच्या बाबतीतही सुटला नाही.

त्याच मैदानावर, हवा भरून फुगवलेल्या प्रचंड नळ्यांचे छत असलेल्या फुजी समूहाच्या मंडपात, ‘टायगर चाइल्ड’ नावाचा एक चित्रपट अवाढव्य पडद्यावर दाखवीत. आयमॅक्स पद्धतीचा तो जगातला पहिला चित्रपट. पेप्सीच्या घुमटावर फुजिको नाकाया या कलावतीने कृत्रिम धुके पसरले होते. आणि मात्सुशिता कंपनीच्या मंडपात पाच हजार वर्षांनंतरच्या माणसांसाठी दोन कुप्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीत २०९८ वस्तू. त्या पुढे ओसाकाच्या किल्ल्याच्या आवारात पुरल्या. त्यांतील एक अधूनमधून उघडून पाहण्यासाठी आहे, दुसरी ६९७० सालापर्यंत बंद राहायची आहे. पाच हजार वर्षांनी येणाऱ्यांनी काय पाहावे हेही कोणीतरी त्यांच्यासाठी निवडून ठेवले, ही गोष्ट मला काहीशी आगाऊपणाची वाटते, पण तितकीच मायेचीही.

ज्यांना यांपैकी कोठेच रांग लावणे शक्य नव्हते, लांबच्या खेड्यांतून सहलीच्या गाडीने एका दिवसापुरते आलेले वृद्ध किंवा कडेवर लेकरू असलेल्या बाया, त्यांनीही प्रदर्शन पाहिलेच. ते दालनादालनांच्या मधल्या रस्त्यांवरून हिंडले, सोव्हिएत दालनाच्या शंभर मीटरांहून उंच लाल-पांढऱ्या शिखराकडे मान वर करून पाहत राहिले, सावलीत डबे सोडून जेवले, आणि तारो ओकामोतोच्या सूर्यमनोऱ्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतले. या सत्तर मीटर उंचीच्या मनोऱ्याला तीन चेहरे आहेत: माथ्यावर भविष्याचा सोनेरी, छातीवर वर्तमानाचा, पाठीवर भूतकाळाचा काळा सूर्य. घरी गेल्यावर शेजाऱ्यांनी ‘काय पाहिलेत?’ म्हणून विचारले असेल, तर त्यांनी हाच सांगितला असेल.

प्रदर्शन आटोपल्यावर बहुतेक सर्व दालने पाडून टाकण्यात आली. अमेरिकेचे गेले, रशियाचे गेले, फुजीच्या नळ्यांतील हवा काढली गेली. मैदानाचे उद्यान झाले. सूर्यमनोरा राहिला. २०१८ पासून त्याचा आतला भागही लोकांना पाहता येतो, मात्र त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. बाहेरून तो मोनोरेलच्या खिडकीतूनही दिसतो.